पवार आणि धार : एका आडनावाचा इतिहास

माळव्यातील धार शहरात मुंज तलाव ह्या नावाचा एक विस्तीर्ण तलाव आहे. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात माळव्यावर राज्य करणाऱ्या वाक्पति मुंज ह्या परमार राजाच्या नावाने तो ओळखला जातो. ह्याच तलावाच्या काठावर काही दगडी छत्र्या उभ्या आहेत. त्या मात्र परमारांच्या नव्हेत. मराठेशाहीत दक्षिणेतून नर्मदा ओलांडून आलेल्या आणि धारेस आपली गादी स्थापन करणाऱ्या पवार घराण्याच्या त्या छत्र्या आहेत. तलावाचे नाव ज्या कुळातील राजाचे, ते कुळ परमारांचे. छत्र्या ज्यांच्या, ते कुळ पवारांचे. आणि पवार हा शब्द परमार ह्या शब्दाचेच मराठी रूप होय, हे भाषाशास्त्राला मान्य आहे. मग प्रश्न असा उभा राहतो की, शब्द एक म्हणून वंशही एकच समजावयाचा काय? मुंजाच्या आणि भोजाच्या वंशजांनीच चार शतकांच्या वनवासानंतर आपली राजधानी परत मिळविली असे म्हणावयाचे, की हा केवळ इतिहासाचा एक चमत्कारिक योगायोग मानावयाचा?

प्रश्न वरवर पाहता एका राजघराण्यापुरता वाटतो. परंतु महाराष्ट्रात पवार हे आडनाव लावणारी माणसे इतकी आहेत, आणि ती समाजाच्या इतक्या थरांत पसरलेली आहेत की, ह्या एका आडनावाची चिकित्सा म्हणजे एकंदर आडनावांकडून आपण काय अपेक्षा करावी, ह्याचीच चिकित्सा ठरते.

आडनावे कशी बनतात?

आडनावांची घडण जगात सर्वत्र थोड्याफार फरकाने सारखीच आहे. इंग्लंडात लोहारकाम करणारा तो स्मिथ, शिंपीकाम करणारा तो टेलर, जॉनचा मुलगा तो जॉन्सन. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या कित्येक सरदारांनी आपल्या नॉर्मंडीतील गावांची नावे आडनावे म्हणून आणली. पर्सी हे प्रसिद्ध घराणे त्यांपैकीच एक. मराठीत धंद्यावरून सोनार, सुतार झाले. हुद्द्यावरून देशमुख, कुलकर्णी, चिटणीस झाले. गावावरून ‘कर’ जोडून शेकडो आडनावे सिद्ध झाली. आणि अंगच्या एखाद्या गुणावरून वा व्यंगावरून कोणी कायमचे काळे, गोरे किंवा ढमढेरे झाले.

ह्या सर्वांहून निराळा असा आणखी एक वर्ग मराठीत आहे. तो कुळीच्या नावांचा. जाधव, मोरे, कदम, चव्हाण, शेलार, साळुंखे ही ह्या वर्गातील नावे. यादव, मौर्य, कदंब, चाहमान, शिलाहार, चालुक्य ह्या प्राचीन राजकुळांशी त्यांचा संबंध परंपरेने जोडला जातो. पवार हे आडनाव ह्याच पंक्तीतले. धंद्याच्या नावावरून पूर्वजाचा धंदा कळतो, गावाच्या नावावरून गाव कळते. पण कुळीच्या नावावरून नेमके काय कळते, हे सांगणे तितकेसे सोपे नाही. कारण अशा नावात आठवण असते तशीच आकांक्षाही असते, आणि दोहोंची सरमिसळ कोठे झाली हे नाव स्वतः होऊन सांगत नाही.

परमार ह्या नावाची कथा

परमार ह्या नावाची उत्पत्ती सांगणारी कथा प्रसिद्ध आहे. अर्बुद पर्वतावर, म्हणजे आजच्या अबूच्या पहाडावर, वसिष्ठ ऋषींचा आश्रम होता. विश्वामित्राने त्यांची कामधेनू हरण केली. तेव्हा वसिष्ठांनी अग्निकुंडात आहुती टाकली आणि त्या ज्वाळांतून एक वीर प्रकट झाला. त्याने शत्रूंचा संहार करून धेनू परत आणिली. पर म्हणजे शत्रू; त्यांस मारणारा तो परमार, असे नाव ऋषींनी त्यास दिले. ही कथा प्रथम आढळते ती पद्मगुप्त कवीच्या ‘नवसाहसांकचरित’ ह्या काव्यात. पद्मगुप्त हा मुंजाचा भाऊ सिंधुराज ह्याच्या दरबारी होता. पुढे विदिशेजवळच्या उदयपूर येथील प्रशस्तीतही हीच कथा कोरली गेली.

परंतु त्याआधीचा पुरावा पाहू गेल्यास अग्निकुंड कोठे दिसत नाही. गुजरातेतील हरसोल येथे सापडलेले, सीयक दुसरा ह्या राजाचे इ. स. ९४९ मधील ताम्रपट हा ह्या घराण्याचा अगदी जुना लेख. त्यात ऋषी नाहीत, धेनू नाही, अग्नीतून निघालेला वीरही नाही. उलट त्यात मान्यखेटच्या राष्ट्रकूट सम्राटांचा उल्लेख अशा रीतीने आला आहे की, परमार हे मूळचे राष्ट्रकूटांच्याच कुळातले असावेत, असे अनुमान काही इतिहासकारांनी त्यावरून काढले. मुंजानेही अमोघवर्ष, पृथ्वीवल्लभ अशी राष्ट्रकूटांच्या थाटाची बिरुदे धारण केली होती. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, ९७२ मध्ये सीयकाने मान्यखेट लुटले आणि जिंकणाऱ्याने जिंकलेल्याची बिरुदे उचलली, एवढाच त्याचा अर्थ. मुंजाच्या आश्रयास असलेला हलायुध पंडित तर आपल्या धन्याचे कुळ ‘ब्रह्मक्षत्र’ होते असे सांगतो. म्हणजे राजकवी, ताम्रपट आणि टीकाकार ह्या तिघांची साक्ष एकमेकांशी जुळत नाही.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. आपला पूर्वज कोण, हा प्रश्न केवळ मराठा पवारांपुढेच उभा राहिला असे नव्हे. स्वतः परमारांनाही राज्य मिळाल्यानंतर आपल्या नावाला साजेसा पूर्वज शोधावा लागला. राज्य आधी आले. अग्निकुंड मागाहून पेटले.

शब्दाचा प्रवास

परमार ह्याचा पवार कसा झाला, हे मात्र निःसंदिग्धपणे सांगता येते. परमार ह्या शब्दाबरोबरच प्रमार असेही त्याचे रूप प्रचारात होते. संस्कृतातील आरंभीच्या जोडाक्षरातून प्राकृतात रकार गळतो आणि दोन स्वरांच्या मध्ये आलेल्या मकाराचा सानुनासिक वकार होतो. ग्राम ह्याचे गांव, नाम ह्याचे नांव, चामर ह्याची चवरी, कुमार ह्याचा कुंवर ही उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. आडनावांतच पहावयाचे झाल्यास सामंत ह्याचा सावंत झाला आणि चाहमान ह्याचा चव्हाण झाला. त्याच नियमाने प्रमार ह्याचा पंवार झाला. राजस्थान आणि हिंदी मुलखात तो अद्याप पंवारच आहे. गुजरातेत जुने परमार हे रूप टिकून राहिले. मराठीने त्यातील नासिक्य उच्चार हळूहळू सोडून दिला. गांव, नांव ह्या शब्दांवरचे अनुस्वारही उच्चारातून केव्हाच नाहीसे झाले होते, आणि १९६२ मध्ये मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते लिखाणातूनही गेले.

इंग्रजी अंमलात ह्या नावाला आणखी एक फेरा पडला. कंपनी सरकारच्या दप्तरांत आणि तहनाम्यांत ते पुआर, पोंवार, पोवार अशा नाना रूपांनी लिहिले गेले. धार आणि देवास येथील राजघराण्यांच्या नावापुढे इंग्रजीत पुआर हे रूप रूढ झाले. महाराष्ट्रातल्या एखाद्या पवारास ते नाव वाचून हे कोणी निराळेच लोक असावेत असे वाटले तर नवल नाही. पण फरक वंशाचा नसून लेखनिकाच्या कानाचा आहे.

परमारांचे दक्षिणेशी नाते

मराठा पवारांपूर्वीही ह्या कुळाचे आणि दक्षिणेचे नाते होते. ते नाते पुष्कळदा वैराचे होते. कल्याणीच्या चालुक्यांचा मूळ पुरुष तैलप ह्याच्यावर स्वारी करण्यास मुंज गोदावरी ओलांडून गेला. तो पकडला गेला आणि बंदिवासातच त्याचा अंत झाला. ‘कोठे राजा भोज आणि कोठे गंगू तेली’ ह्या म्हणीतील तेली म्हणजे हा तैलप आणि गंगू म्हणजे कलचुरी राजा गांगेय, असा तर्क काहींनी केला आहे. तर्क खरा असो वा नसो, पण राजांची नावेदेखील लोकांच्या तोंडी पडून कोठवर जातात, ह्याचा तो मासला म्हणता येईल.

मुंजाचा पुतण्या भोज. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने धारानगरीस जो लौकिक मिळवून दिला, तो सांगण्याची आवश्यकता नाही. ‘शृंगारप्रकाश’ आणि ‘समरांगणसूत्रधार’ ह्या ग्रंथांशी ज्याचे नाव जोडलेले आहे असा हा राजा पुढे सर्व भारतात विद्येच्या आश्रयदात्याचा आदर्श ठरला. भोजानंतर परमारांची सत्ता काही काळ विदर्भापर्यंत पोहोचल्याच्या खुणा आढळतात. नागपूरच्या वस्तुसंग्रहालयात ११०४ च्या सुमाराचा परमारांचा एक शिलालेख आहे. यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगाव येथे १११२ मधील एक लेख आहे. त्यात परमार राजपुत्र जगद्देव ह्याचा उल्लेख येतो. हा जगद्देव माळव्याची गादी सोडून दक्षिणेत चालुक्य विक्रमादित्याच्या पदरी आला होता. म्हणजे परमार कुळातील माणसे बाराव्या शतकाच्या आरंभीच महाराष्ट्राच्या भूमीवर वावरत होती, ह्यात शंका नाही.

१३०५ मध्ये अलाउद्दीन खलजीच्या सैन्याने माळवा घेतला, परमार राजा महलकदेव मांडू येथे मारला गेला, आणि धारचे स्वतंत्र राज्य संपले. राज्य बुडाले की राजकुळाचे भाऊबंद, सेवक आणि शिलेदार दाही दिशांस पांगतात. वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा, गोंदिया, बालाघाट, शिवनी ह्या जिल्ह्यांत, पोवार समाज आहे. आपण माळव्यातून, धारेकडून आलो अशी त्याची परंपरा आहे आणि पोवारी ही त्याची स्वतंत्र बोली आहे. हिमालयात टिहरी-गढवालचे राजे आपणांस पंवार म्हणवीत. फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्याचीही परंपरा अशीच सांगितली जाते की, त्यांचा मूळ पुरुष धारच्या पवारांपैकी. फलटणजवळच्या निंबळक गावी वस्ती केल्यामुळे तो निंबाळकर झाला. ही परंपरा खरी धरली तर मौज अशी होते की, ज्यांच्या नावात पवार हा शब्द उरला नाही ते घराणे ह्या कुळातले ठरते.

सुप्याहून माळव्याकडे

आता मराठा पवारांकडे वळू. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात सुपे नावाचे गाव आहे. ह्या भागातील पवार घराण्यातले कृष्णाजी पवार हे शिवछत्रपतींच्या सेवेत होते. त्यांचे पुत्र बुबाजी, रायाजी आणि केरोजी ह्यांनी राजाराम महाराजांच्या बिकट काळात स्वराज्याची चाकरी केली आणि विश्वासराव हा किताब मिळविला. ह्या किताबाचे महत्त्व असे की, तो पूर्वजांच्या नावावर मिळालेला नव्हता. सर्व मुलूख मोगलांच्या हाती जात असताना, कोणी कोणावर भरवसा ठेवावा असा प्रश्न पडलेल्या दिवसांत, ज्यांच्यावर विश्वास ठेवता आला त्यांना तो मिळाला.

बुबाजींचे दोन पुत्र, काळोजी आणि संभाजी. धारची शाखा संभाजीची, देवासच्या दोन्ही शाखा काळोजीच्या. संभाजीचा पुत्र उदाजी हा मराठ्यांच्या माळव्यातील विस्ताराचा एक अग्रेसर पुरुष. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेरा येथे चिमाजी आप्पाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर ह्यास ठार केले. त्या मोहिमेत मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे ह्यांच्या बरोबरीने उदाजी पवार होता. परंतु १७३१ मध्ये डभईच्या लढाईत उदाजीने बाजीरावाविरुद्ध सेनापती दाभाड्यांचा पक्ष धरला. दाभाडे पडले, उदाजी कैद झाला. त्यानंतर घराण्याचे पुढारीपण त्याचा भाऊ आनंदराव ह्याजकडे आले आणि त्याच्या वंशात धारची गादी स्थिर झाली. काळोजीचे पुत्र तुकोजी आणि जिवाजी ह्यांनी देवासचे राज्य स्थापिले. तीच पुढे देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती म्हणून प्रसिद्ध झाली. एकाच लहानशा शहरात, देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी, एकाच आडनावाचे दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार आणि दोन कारभार अशी ती अपूर्व व्यवस्था होती. १८१८ साली इंग्रजांशी तह झाला तोही दोघा भाऊबंदांशी मिळून.

माळव्याचे जे तीन वाटेकरी, त्यांपैकी शिंदे आणि होळकर वाढत गेले; पवार मात्र आकसत गेले. आनंदरावाचा पुत्र यशवंतराव १७६१ मध्ये पानिपतावर पडला. १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यात रघुनाथरावाची पत्नी आनंदीबाई हिच्या पोटी दुसरा बाजीराव जन्मास आला, आणि पेशव्यांच्या घरच्या कलहाची झळ धारला लागली. अठराव्या शतकाच्या अखेरीस शिंदे-होळकरांच्या स्वाऱ्यांनी हा मुलूख उजाड झाला. १८५७ च्या उठावानंतर तर इंग्रजांनी संस्थान खालसाच केले होते. ते १८६० मध्ये परत मिळाले. राजा भोजाच्या गादीवर बसले म्हणून ह्या पवारांच्या वाट्यास सुख आले, असे मुळीच म्हणता येणार नाही.

माल्कमची साक्ष

ज्या प्रश्नापासून आरंभ केला त्याचे उत्तर देण्यास एक महत्त्वाचा साक्षीदार उपलब्ध आहे. तो म्हणजे सर जॉन माल्कम. माळव्याची व्यवस्था लावण्याचे काम १८१८ नंतर ह्या अधिकाऱ्याकडे होते. धार आणि देवास येथील लोकांशी त्याचा प्रत्यक्ष संबंध आला. मध्य हिंदुस्थानावरील त्याचा ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने नमूद केले आहे की, ज्या कुळाची सत्ता शतकांपूर्वी धारेतून उखडली गेली, त्याच नावाचे कुळ मराठ्यांच्या विजयामुळे पुन्हा तेथे आले, हा विलक्षण योगायोग होय. आणि पुढे तो सांगतो की, सध्याचे घराणे त्या जातीचे असले तरी माळव्याच्या प्राचीन राजांचे आपण वंशज आहोत असा दावा ते करीत नाही.

ही साक्ष फार मोलाची आहे. माल्कमच्या काळी उदाजीला होऊन पुरते शतकही लोटले नव्हते. भोजाचा वंश मिरविल्याने तहात चार अधिक मुलूख मिळण्याची आशा धरता आली असती. तरीही घराण्याने तसे म्हटले नाही. त्यांचा हक्क ‘आम्ही भोजाचे नातू’ ह्यावर उभा नव्हता. ‘आमच्या आजाने हा मुलूख तलवारीने घेतला’ ह्यावर उभा होता.

काळ बदलला तशी ही भूमिकाही बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिलालेख वाचले जाऊ लागले, परमारांच्या वंशावळी जुळविल्या गेल्या, आणि प्राचीन वैभवाची जाणीव सर्वत्र जागी झाली. धारचे शिक्षणाधिकारी पंडित काशिनाथ कृष्ण लेले ह्यांनी १९०३ मध्ये परमार राजा अर्जुनवर्मा ह्याच्या काळचा एक मोठा शिलालेख उजेडात आणला. त्यावर मदन कवीच्या संस्कृत नाटिकेचे दोन अंक कोरलेले आहेत. त्यात अर्जुनवर्मा हा भोजाचाच अवतार असल्याचे म्हटले आहे. १९०८ मध्ये कॅप्टन लुआर्ड आणि लेले ह्यांचे धार-माळव्याच्या परमारांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. अशा वातावरणात प्राचीन परमार आणि विद्यमान पवार ही एकाच साखळीची दोन टोके होत, ही कल्पना रुजली असल्यास आश्चर्य नाही. लोकपरंपरेचाही तिला आधार होताच. धार आणि पवार ह्यांची फारकत होऊच शकत नाही असे सांगणारा दोहा माळव्यात आणि राजस्थानात प्रसिद्ध आहे. मराठा पवारांचे देवक तलवारीची धार हे सांगितले जाते. त्यातील धार म्हणजे मूळची धारानगरीच असावी, असेही कित्येकांस वाटते.

ह्या गोष्टी टाकाऊ नव्हेत. परंतु त्या आठवणी आहेत, पुरावे नव्हेत. १३०५ आणि सतरावे शतक ह्यांच्यामध्ये जी तीन-साडेतीन शतके जातात, त्यांतून भोजाचा वंश सुप्याच्या पवारांपर्यंत पिढीवार आणून जोडणारा समकालीन लेख पुढे आलेला नाही. तो संबंध असंभाव्य नाही. पण सिद्धही नाही. इतिहासाने एवढेच म्हणावे आणि थांबावे.

रक्त आणि नाव

शिवाय नाव हे रक्ताबरोबरच चालते, हे गृहीतच मुळात डळमळीत आहे. धारच्या गादीचाच इतिहास पाहावा. दुसरे आनंदराव १८०७ मध्ये वारले, तेव्हा त्यांची पत्नी मैनाबाई गरोदर होती. भाऊबंदांचे कट, शिंदे-होळकरांचा उपद्रव आणि रिकामी तिजोरी अशा स्थितीत तिने राज्य सावरले. पती मागे राहिला नाही. पोटी झालेला पुत्रही अल्पायुषी ठरला. तेव्हा तिने आपल्या बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, त्यासही रामचंद्रराव हेच नाव दिले, आणि १८१९ मध्ये इंग्रजांशी तह करून संस्थान टिकविले. पुढेही त्या गादीवर एकाहून अधिक वेळा दत्तक बसले. म्हणजे धारचे पवार हे नाव ज्या क्षणी पुसले जावयाचे, त्या क्षणी ते एका विधवा स्त्रीच्या निश्चयाने राहिले. त्यात रक्ताचा वाटा किती आणि मैनाबाईच्या धैर्याचा वाटा किती, ह्याचा हिशेब कोणीही करून पाहावा.

देवासचे उदाहरण याहूनही बोलके आहे. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे ह्यांचा विवाह १९०८ मध्ये राजर्षी शाहू छत्रपतींच्या कन्येशी झाला. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये ह्याच महाराजांचा खाजगी चिटणीस होता. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हिल ऑफ देवी’ ह्या पुस्तकामुळे देवासच्या त्या लहानशा दरबाराची ओळख इंग्रजी वाचकांना झाली. ह्या तुकोजीरावांचे पुत्र विक्रमसिंहराव १९३७ मध्ये देवासच्या गादीवर आले. दहा वर्षांनी, १९४७ मध्ये, कोल्हापूरच्या गादीवर ते दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. देवासची गादी त्यांचे पुत्र कृष्णाजीराव ह्यांना मिळाली. एका विधीने पिता भोसले झाला, पुत्र पवार राहिला. अंगात तेच रक्त, पण आडनावे दोन. १९४८ मध्ये धार आणि देवास ही सर्व संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, आणि गादीचा प्रश्नच संपला. नाव तेवढे राहिले.

सर्वांचे पवार

हे नाव राजवाड्यांत राहिले त्याहून कितीतरी अधिक ते राजवाड्यांबाहेर राहिले. मराठा शेतकऱ्यांत पवार आहेत. बंजारा समाजात राठोड, चव्हाण, जाधव ह्यांच्या बरोबरीने पवार हे एक प्रमुख कूळ आहे. पारध्यांत पवार आहेत. ‘बलुतं’ लिहून १९७८ मध्ये मराठी साहित्याला हादरा देणारे दया पवार आणि ‘आयदान’ लिहिणाऱ्या ऊर्मिला पवार हे दलित समाजातले. अभिनेत्री ललिता पवार ह्यांना हे नाव विवाहाने मिळाले.

एकच आडनाव इतक्या जातीजमातींत कसे पोहोचले? सरदाराच्या पदरी असलेल्यांनी त्याचे नाव उचलले असेल. एकाच मुलखातून पांगलेल्यांनी ते जुनी आठवण म्हणून जपले असेल. शाळेच्या पटावर किंवा पलटणीच्या हजेरीपत्रकावर आडनाव लिहिण्याची वेळ आली, तेव्हा जवळचे आणि मानाचे नाव सांगितले गेले असेल. ह्यांपैकी कोणता मार्ग कोठे घडला हे घराघरागणिक वेगळे असणार. इंग्लंडातही जहागीरदाराचे नाव लावणारा प्रत्येक शेतकरी त्याचा वंशज असतोच असे नाही. परंतु म्हणून त्या नावावर एकाचा हक्क खरा आणि दुसऱ्याचा खोटा, असे ठरविण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही. ज्या परमारांचे ते मूळ नाव, त्यांनाही आपला पूर्वज अग्नीतून काढावा लागला, हे लक्षात घेतले म्हणजे कुळीच्या अभिमानावर आपोआप मर्यादा पडते.

आडनावाला इतिहास असतो, ह्याचा अर्थ आडनाव हेच इतिहासाचे प्रमाणपत्र असते असा नव्हे. पवार ह्या एका शब्दात हजार वर्षांच्या उच्चाराचा इतिहास साठलेला आहे. त्यात वंशावळ मात्र शोधू गेल्यास हाती अंधारच लागतो. आणि शोधण्याची तितकीशी आवश्यकताही नाही. विश्वासराव हा किताब, पानिपतावरचे यशवंतरावाचे मरण, मैनाबाईची जिद्द ह्यांपैकी कोणतीही गोष्ट भोजाकडून उसनी घ्यावी लागलेली नाही. दया पवारांच्या लेखणीलाही धारानगरीच्या शिफारशीची गरज पडली नाही. माल्कमच्या वेळच्या धारकरांना हे ठाऊक होते, म्हणूनच ते राजा भोजाच्या नगरीत राहूनही त्याच्या वंशाचा दावा न सांगता राहिले.

मुंज तलावाच्या काठावरील छत्र्यांना त्यामुळे कमीपणा येत नाही. तलाव ज्यांनी खणला त्यांचे पाणी, आणि छत्र्या ज्यांच्या त्यांची स्मृती, दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत. नाव वडिलांकडून मिळते. नावलौकिक ज्याचा त्यानेच मिळवावयाचा असतो.